टायरात पाणी भरता, मग काढता का?

नाशिक-सांगलीच्या द्राक्षपट्ट्यात बैलजोडीच्या जागी छोटा ट्रॅक्टर आला, त्यालाही आता बरीच वर्षे झाली. नवा ट्रॅक्टर दारात आला की पूजा होते, पेढे वाटले जातात आणि दुसऱ्याच दिवशी कुणी जाणता सांगतो, "मागच्या चाकात पाणी भरून घ्या, नाहीतर चाक जागीच फिरंल." सल्ला खोटा नाही, पण अर्धाच आहे. हे पाणी काढायचे कधी, ते कोणी सांगत नाही. बारा महिने पाणी भरलेली चाके बागेतून फिरवणे नुकसानीचे आहे, हे शेतकरी बंधूंनी ध्यानात घ्यावे.

आधी पाणी का भरतात ते पाहू. ताकद इंजिनात असली तरी ती जमिनीला लागते मागच्या चाकांतून. नांगर खोल गेला आणि चाकावर वजन कमी पडले, की चाक घसरते, डिझेल जळते, टायर झिजतो आणि काम पुढे सरकत नाही. टायरात पाणी भरणे हा यावरचा स्वस्त उपाय. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन, तेही विहिरीचे, फुकटातले. ८.३-२० मापाच्या टायरात साधारण ४० ते ५० लिटर पाणी मावते. दोन चाकांचे झाले ८० ते १०० किलो. ट्रॅक्टरच मुळात सात-आठशे किलोचा, म्हणजे दहा टक्क्यांहून जास्त वजन वाढले!

नांगरटीला हे वजन कामाचे. पण द्राक्षबागेत छोट्या ट्रॅक्टरला नांगरट किती दिवस असते? बहुतेक दिवस फवारणीचेच. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लागून राहिला, की डाऊनीच्या भीतीने वापसा यायच्या आधीच ब्लोअर बागेत घालावा लागतो. दोन ओळींमधली चाकाची वाट ठरलेली. त्याच ओल्या काळ्या रानावर तीच चाके पुन्हा पुन्हा जातात. माती दबते, पाणी मुरत नाही, हवा खेळत नाही आणि पांढरी मुळी मार खाते. मग वेल पिवळी पडली की आपण खताच्या दुकानात धावतो. ब्लोअर आणि त्यातल्या औषधाचे वजन टाळता येत नाही, पण चाकातले शंभर किलो तर टाळता येतात ना? रोटाव्हेटरलाही या वजनाची फारशी गरज नसते. त्याची पाती चाकाच्याच दिशेने फिरतात आणि ट्रॅक्टरला उलट पुढे ढकलतात.

वजन हवे की नको, हे अंदाजाने ठरवू नये. मागच्या टायरला खडूने खूण करा. नांगर जमिनीत घालून चाकाचे १० फेरे मोजा आणि तेवढ्या अंतराला खुंट्या ठोका. मग नांगर उचलून त्याच अंतरात किती फेरे होतात ते बघा. साडेआठ झाले, तर घसरण १५ टक्के. त्याहून जास्त असेल तर वजन वाढवा. ८ टक्क्यांच्या खाली असेल तर वजन जास्त झाले, काही काढा. मध्य प्रदेशातील बुधनीच्या केंद्रीय संस्थेत ट्रॅक्टरची परीक्षा होते, तिथेही ओढण्याची ताकद वजन लावून आणि वजनाशिवाय, अशी दोन्ही प्रकारे मोजतात.

पाणी भरायचेच, तर नीट भरा. चाक जॅकवर घ्या, व्हॉल्व्ह वर आणा आणि व्हॉल्व्हच्या पातळीपर्यंतच पाणी भरा. म्हणजे टायर साधारण पाऊण भरतो. उरलेल्या जागेत हवा हवीच. पूर्ण भरलेला टायर दगडासारखा होतो आणि त्याचे दणके ट्रॅक्टरला व चालवणाऱ्याच्या कंबरेला बसतात. थंड देशांत पाणी गोठू नये म्हणून त्यात कॅल्शियम क्लोराईड घालतात. आपल्याकडे निफाडला कितीही थंडी पडली तरी त्याची गरज नाही. मीठ तर मुळीच घालू नका, ट्यूब गळाली की रिंग गंजलीच म्हणून समजा.

आणखी एक गैरसमज जिवावर बेतणारा आहे. "चाकात पाणी हाय, आता कितीबी ट्रॉली ओढतो," असे म्हणणारे गावोगाव भेटतात. मागे वजन वाढले की चाक घसरत नाही, पण चढावर ट्रॅक्टरचे तोंड उचलले जाण्याचा धोका त्याने कमी होत नाही, उलट वाढतो. तोंड दाबून धरायला पुढेच वजन लागते. आणि उतारावर ब्रेक तेच राहतात, थांबवायचे ओझे मात्र वाढलेले असते.

वर्षातून दोनदा पाणी काढा-भरायचा कंटाळा येणार असेल, तर चाकाला बोल्टने बसणारी लोखंडी वजने घ्यावीत. पैसे जातात, पण पाऊण तासात निघतात आणि वर्षानुवर्षे टिकतात. विक्रेत्यांनी ट्रॅक्टर देतानाच हे समजावून सांगावे. कृषी विज्ञान केंद्रांनी शेतकरी मेळाव्यात नुसते नवे अवजार दाखवण्याऐवजी एकदा खडू आणि खुंट्या घेऊन घसरण मोजून दाखवावी. त्याला ना अनुदान लागते, ना टेंडर.