सिकलसेलचे बाळ आणि लसीची तारीख

सिकलसेल घेऊन जन्मलेले बाळ पहिले काही महिने अगदी निरोगी दिसते. गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन त्याच्या रक्तात भरपूर असते आणि ते पेशींना वाकू देत नाही. सहा महिन्यांच्या आसपास हे संरक्षण ओसरते. अक्कलकुवा, धडगाव, तळोदा, नवापूर भागातल्या भिल्ल, पावरा, मावची पाड्यांवर काम करणाऱ्या आपल्या वाचकांनी हे सहा महिने हातचे जाऊ देऊ नयेत, असे आम्हाला कळकळीने वाटते.

मूळ दोष केवढासा! बीटा ग्लोबिन या प्रथिनाच्या साखळीत १४६ अमिनो आम्ले असतात. त्यांतल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. आजार रेणूतच आहे हे लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये दाखवले, नेमका बदल व्हर्नन इन्ग्रॅम यांनी १९५७ मध्ये. प्राणवायू सुटला की हे रेणू एकमेकांना चिकटतात, पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिन्या तुंबतात. बालपणीच याचा मोठा फटका प्लीहेला बसतो. न्यूमोकोकससारखे कवचधारी जिवाणू रक्तातून गाळून काढणे हे तिचे काम. ती निकामी झाली की साधा वाटणारा ताप काही तासांत जिवावर उठतो. वेदना आणि रक्तक्षयाविषयी आपण पुष्कळ बोलतो, या संसर्गाविषयी फार कमी; आणि टाळता येण्यासारखा आहे तो हाच.

अमेरिकेतल्या १९८६ च्या प्रसिद्ध चाचणीत रोज दोनदा तोंडावाटे पेनिसिलिन दिल्याने लहान मुलांतला न्यूमोकोकसचा गंभीर संसर्ग ८४ टक्क्यांनी घटला. पीसीव्ही लस तर २०२१ पासून देशभरच्या नियमित लसीकरणात आहे : दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने.

१ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेने तपासणीला बळ दिले. पण सोल्युबिलिटी चाचणीवर तान्ह्या बाळाचे निदान करू नका. त्या वयात ती फसवी ठरते, शिवाय वाहक आणि रुग्ण यांतला फरकही तिला कळत नाही. गरोदर माता वाहक किंवा रुग्ण निघाली तर वडिलांची तपासणी करा आणि बाळाचा नमुना एचपीएलसीला पाठवा. निदान पक्के झाल्यास दोन महिन्यांच्या आत पेनिसिलिन सुरू व्हायला हवे.

खरी अडचण दिवाळीनंतर येते. ऊसतोडीला गुजरातेत गेलेली कुटुंबे होळीपर्यंत परतत नाहीत, आणि साडेतीन किंवा नऊ महिन्यांचा डोस नेमका त्याच काळात येऊ शकतो. म्हणून निघण्यापूर्वी आशाताईंनी अशा घरांची यादी करावी, देय झालेला डोस देऊन घ्यावा आणि पेनिसिलिन मुक्कामभर पुरेल इतके बरोबर द्यावे. माता-बाल कार्डावर आजाराचे नाव, पुढच्या डोसची तारीख आणि ‘ताप आल्यास त्याच दिवशी दवाखाना’ हे शब्द मोठ्या अक्षरांत, गुजरातीतही लिहावेत. तिथल्या डॉक्टरांच्या हाती पहिल्यांदा तेच कार्ड पडणार आहे.