सिलिंडरचा काटा काय सांगतो?

रात्री दीडची वेळ होती. धाप लागलेल्या एका रुग्णाला पुढच्या रुग्णालयात हलवायचे होते. डहाणू-तलासरीकडच्या गंभीर रुग्णांना अनेकदा वापी, वलसाड, सिल्वासा, नाहीतर थेट मुंबई गाठावी लागते. महामार्गावर कोंडी असेल तर वेळेचा भरवसा नसतो. मी विचारले, ‘‘गाडीत ऑक्सिजन किती आहे?’’ उत्तर आले, ‘‘सर, अर्धा सिलिंडर.’’ ‘‘अर्धा म्हणजे किती मिनिटे?’’ गाडीजवळ उभे असलेले तिघेही विज्ञान शाखेतून बारावी झालेले. पण कोणालाच सांगता येईना.

वास्तविक हे उत्तर अकरावीच्या रसायनशास्त्रात आहे. तापमान तेच असेल, तर वायूचा दाब आणि आकारमान यांचा गुणाकार कायम राहतो, हे रॉबर्ट बॉइलने 1662 मध्ये मांडले. रुग्णवाहिकेतल्या छोट्या सिलिंडरची पोकळी साधारण 10 लिटरची असते. काटा 75 दाखवत असेल, म्हणजे दाब वातावरणाच्या सुमारे 75 पट असेल, तर बाहेर 10 गुणिले 75, म्हणजे 750 लिटर ऑक्सिजन मिळेल. रुग्णाला मिनिटाला 5 लिटर लागत असेल तर तो अडीच तास पुरेल. 10 लिटर लागला तर सव्वा तासच. थोडा हातचा राखून ठेवायचा, तर त्याहूनही कमी. ‘अर्धा’ हा शब्द एकच, पण एका रुग्णासाठी तो पुरेसा आणि दुसऱ्यासाठी जीवघेणा.

घरच्या गॅसच्या टाकीला मात्र हे गणित लागू नाही. तिच्यात द्रव असतो. तो संपेपर्यंत दाब जवळपास तोच राहतो, म्हणून ती वजनावरूनच ओळखावी लागते.

दाबाबरोबर ‘कार्य’ही शिकवले पाहिजे. सायकलच्या पंपाने चाकात हवा भरताना पंपाचे खालचे टोक तापते. आपण हवेवर केलेले कार्य उष्णतेच्या रूपाने हाताला जाणवते. ऑक्सिजनच्या सिलिंडरची चावी झटक्यात उघडली, तर पुढच्या अरुंद जागेतला वायू असाच एकदम दाबला जाऊन तापतो. तिथे तेल किंवा ग्रीस लागलेले असेल तर पेट घेऊ शकते. म्हणून चावी हळूहळू उघडायची आणि तेलकट हात लावायचा नाही. कारण समजलेला माणूस हा नियम घाईतही मोडत नाही.

हेच कार्य आपली छाती जन्मभर करत असते. श्वासपटल खाली सरकते, छातीची पोकळी वाढते, आतला दाब किंचित घटतो आणि हवा आत येते. न्यूमोनियाने फुप्फुसे कडक झाली की तेवढ्याच हवेसाठी बाळाला कितीतरी जास्त ताकद लावावी लागते. श्वास घेताना बाळाच्या छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, तर ते थकत चालले आहे असे समजा. भगताकडे किंवा घरगुती उपायांत वेळ न घालवता तत्काळ दवाखाना गाठा.

हे शिकवायला महागडी प्रयोगशाळा लागत नाही. सुई काढलेली सिरिंज घ्या, तोंडाशी बोट ठेवा आणि दट्ट्या दाबा. बॉइलचा नियम बोटाला कळतो. तोच दट्ट्या मागे ओढा. श्वास कसा आत येतो ते कळते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीत बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. परिसरातल्याच साध्या वस्तूंमधून मूल शिकते, हे त्यांनी याच तालुक्यात दाखवून दिले. आपल्या आश्रमशाळांना त्यासाठी दूर पाहण्याची गरज नाही.

मागणी दोनच गोष्टींची आहे. शाळांनी सिरिंज आणि सायकलचा पंप वर्गात आणावा. आरोग्य खात्याने प्रत्येक रुग्णवाहिकेत काट्यानुसार मिनिटे सांगणारा तक्ता मराठीत लावावा. त्याला लागणारा खर्च एका कागदाचा आहे.

त्या रात्री आम्ही भरलेला सिलिंडर चढवला आणि मगच गाडी हलली. प्रत्येक रात्री विचारणारे कोणी जवळ असेलच, असे नाही.