रात्रीचा दिवस कोणासाठी?

चार तास झोपाल तर पास, पाच तास झोपाल तर नापास. जपानमध्ये प्रवेशपरीक्षेला बसणाऱ्या मुलांना पिढ्यान् पिढ्या ऐकवलेला हा हिशेब, ‘योनतो गोराकु’. आपल्याकडेही विद्यार्थ्याला श्वाननिद्रेचे सुभाषित आणि ‘रात्रीचा दिवस कर’ हा घरचा उपदेश मिळतोच. त्यामुळे टोकियोला खेटून असलेल्या इचिकावात शिकायला येणाऱ्या मराठी मुलाला तिथला उपदेश परका वाटत नाही.

पूर्वपक्ष अगदीच टाकाऊ नाही. फी, घरभाडे आणि नवी भाषा यांचा बोजा एकदम पडतो. रात्री दहा ते पहाटे पाच या वेळेतल्या कामाला जपानी कायद्याने २५ टक्के जादा मजुरी मिळते. दिवसा वर्ग, रात्री दुकानात काम. मग अभ्यासाला वेळ झोपेतूनच काढावा लागणार, असे कोणी म्हटले तर त्याला आळशी म्हणता येणार नाही.

पण ज्यांचा दाखला द्यायचा, ते जपानी काय म्हणतात? ओईसीडीच्या २०२१च्या आकडेवारीत ३३ देशांत सर्वांत कमी झोप जपानची होती, सरासरी ७ तास २२ मिनिटे. तिथल्या आरोग्य मंत्रालयाने हे काही भूषण मानले नाही. मंत्रालयाच्या ‘झोप मार्गदर्शिका २०२३’मध्ये माध्यमिक शाळेतल्या मुलांना ८ ते १० तास झोप सुचवली आहे. अतिश्रमाने होणारे मृत्यू रोखण्यासाठी तर २०१४ साली संसदेला कायदा करावा लागला. जो देश आपल्या जागरणावर उतारा शोधतो आहे, त्याचे जागरण आपण गुण म्हणून का उचलावे?

कामाच्या तासांचेही तसेच. विद्यार्थी व्हिसावर, परवानगी घेऊन, आठवड्याला २८ तासच काम करता येते; मोठ्या सुट्टीत दिवसाला ८. त्यापुढे गेले तर व्हिसाचे नूतनीकरण अडचणीत येते. म्हणजे रात्रपाळ्या वाढवून सुटका करून घेण्याची वाट कायद्यानेच बंद केली आहे.

आणि जागून होते काय? बहुधा तेच पान पुन्हा पुन्हा वाचणे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ कार्पिक आणि रोएडिगर यांनी २००८ साली ४० स्वाहिली शब्दांवर प्रयोग केला. शब्द आठवून पाहण्याचा सराव चालू ठेवणाऱ्यांना आठवड्यानंतर सुमारे ८० टक्के अर्थ सांगता आले. एकदा आठवल्यावर तो सराव थांबवून नुसते पुन्हा वाचत राहणारे ३५ टक्क्यांच्या आसपास अडकले.

इचिकावातल्या मुलाला हा निष्कर्ष रोजच्या प्रवासात वापरता येतो. मिनामी-ग्योतोकु, ग्योतोकु, म्योदेन ही शहरातली स्थानके मेट्रोच्या तोझाई मार्गावर आहेत. भारतीयांची वस्ती म्हणून ओळखले जाणारे निशी-कासाई याच मार्गावर नदीपलीकडे. सकाळच्या टोकियोकडे जाणाऱ्या गाडीत २०१९ साली सर्वाधिक गर्दीच्या टप्प्यावर क्षमतेच्या १९९ टक्के प्रवासी होते. तिथे पुस्तक उघडायला हात मोकळा नसतो. काल शिकलेली पाच कांजी, म्हणजे जपानी लिखाणातली चिनी अक्षरे, डोळे मिटून आठवायला मात्र पुस्तक लागत नाही.

‘एवढ्याने काय होणार?’ या आक्षेपाला याच शहराच्या एका रहिवाशाचे उत्तर आहे. कादंबरीकार नागाई काफू युद्धानंतर, १९४६ पासून, १९५९ मध्ये मृत्यू येईपर्यंत इचिकावात राहिले. शिस्तीचा पुतळा म्हणून त्यांना कोणी ओळखत नव्हते. टोकियोतल्या असाकुसाच्या नाट्यगृहांत त्यांचा पाय सहज वळे. तरी १९१७ साली सुरू केलेली रोजनिशी त्यांनी मृत्यूच्या आदल्या दिवसापर्यंत लिहिली. कित्येक दिवसांची नोंद जेमतेम ओळ-दोन ओळींची आहे.

जपानी शाळेचा क्रमही असाच, थोड्याथोड्याने पुढे जाणारा. पहिलीत ८० कांजी, दुसरीत १६०, आणि सहावीअखेर एकूण १,०२६. सहा वर्षांचा हा पल्ला प्रौढ विद्यार्थ्याला लवकर गाठता येतो. आठवड्याचे सहा दिवस रोज पाच नवी कांजी आणि रविवारी फक्त उजळणी, असे धरले तर ३५ आठवडे लागतात. जपानी शैक्षणिक वर्षाबरोबर एप्रिलच्या आरंभी सुरुवात केली, तर हा हिशेब डिसेंबरच्या आरंभी, जपानी भाषेच्या पात्रता परीक्षेच्या सुमारास पुरा होतो, तोही रोज पुरेशी झोप घेऊन.