अंधगजन्यायांतील अन्याय

आंधळ्यांची आणि हत्तीची गोष्ट आपल्या घरांतील प्रत्येक मुलाला ठाऊक असते. एकानें सोंड चाचपली आणि हत्ती अजगरासारखा आहे असें सांगितलें. दुसऱ्यानें पाय चाचपला आणि त्याला खांब ठरविलें. तिसऱ्याच्या हातीं कान आला, त्याला हत्ती सुपासारखा वाटला. पंडितांनीं या गोष्टीला अंधगजन्याय असें नांव दिलें, आणि एकांगी मत मांडणाऱ्याला गप्प बसविण्यासाठीं आपण तिचा उपयोग करीत आलों. परंतु या न्यायांत एक अन्याय दडलेला आहे, त्याकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. त्या माणसांचें चुकलें तें त्यांना डोळे नव्हते म्हणून नव्हे. प्रत्येकजण एकाच जागीं उभा राहिला, एकदांच हात लावून मोकळा झाला, आणि शेजाऱ्याच्या हाताला काय लागलें हें त्यानें विचारलें नाहीं. हत्तीभोंवतीं स्वस्थपणें फेरी मारण्यास त्यांना वेळ मिळाला असता, तर त्यांना हत्तीचें जें ज्ञान झालें असतें तें दुरून पाहणाऱ्या डोळस माणसालाहि झालें नसतें. कातडीची राठ घडी, सोंडेच्या टोंकाचा ओलसर मऊपणा, कानामागची ऊब, यांतलें दुरून काय कळतें?

हा विषय या महिन्यांत मुद्दाम घेतला आहे. वसई, आगाशी, विरार या बाजूच्या मोठ्या कुटुंबांत काचबिंदूनें किंवा मधुमेहानें दृष्टि गेलेलें एखादें वडील माणूस आढळणें ही कांहीं दुर्मिळ गोष्ट नाहीं. घरच्या मंडळींचें त्यांच्यावर प्रेम असतें. औषधाची वेळ चुकत नाहीं. पानांत काय कोठें वाढलें आहे हें सून न विसरतां सांगते. संध्याकाळीं नातू वर्तमानपत्र वाचून दाखवितो. परंतु सगळी मंडळी किल्ला पाहण्यास किंवा मुंबईचें वस्तुसंग्रहालय पाहण्यास निघाली, कीं वडिलांना घरीं ठेवण्याचा बेत होतो, आणि त्याचें कारण एका वाक्यांत दिलें जातें: "त्यांना तेथें काय दिसणार?" या वाक्यांत दुष्टपणा तिळभरहि नसतो. तरी पण त्यानें एका माणसाचें सुंदर वस्तूंशीं असलेलें नातें तुटतें; आणि तेंहि अशा माणसाचें, ज्यानें एके काळीं याच मंडळींना बोट धरून तो किल्ला दाखविलेला असतो.

गेल्या कांहीं दशकांत या प्रश्नाला जगांत ठिकठिकाणीं उत्तर मिळूं लागलें आहे. इटलींतील अँकोना शहरीं आल्दो ग्रासिनी आणि दानिएला बोत्तेगोनी या अंध दांपत्याच्या खटपटीनें १९९३ सालीं एक स्पर्शसंग्रहालय निघालें, आणि १९९९ सालीं तेथील सरकारनें त्यास राष्ट्रीय संग्रहालयाचा दर्जा दिला. अंध म्हणून प्रसिद्ध असलेल्या ग्रीक महाकवि होमराचें नांव त्यास दिलें आहे. प्राचीन ग्रीक पुतळ्यांच्या आणि मायकेलअँजेलोच्या कृतींच्या प्रतिकृति, मोठमोठ्या इमारतींचे लहान नमुने, आजच्या शिल्पकारांचीं मूळ शिल्पें, असें सर्व तेथें हातानें पाहण्यासाठींच मांडलेलें आहे. माद्रिदच्या प्रादो संग्रहालयानें २०१५ सालीं सहा चित्रें उठावाच्या रूपांत तयार करवून लोकांच्या हातांखालीं ठेविलीं. त्यांत कोरेज्जो या चित्रकाराचें एक चित्र होतें. पुनरुत्थानानंतर येशू मरीया मग्दालियेस "मला शिवूं नकोस" असें म्हणतो, तो प्रसंग त्यांत रंगविलेला आहे. आपल्या वसईंतील ख्रिस्ती शेजाऱ्यांना तो चांगला परिचित असेल. न शिवण्याची आज्ञा सांगणारें चित्रच शिवण्यासाठीं मांडलें जावें, यांत मौज आहे आणि अर्थहि आहे. आपल्याकडे दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयानें त्याच वर्षीं 'अनुभव' नांवाचें दालन उघडलें, आणि निवडक वस्तूंच्या प्रतिकृति ब्रेल लिपींतील माहितीसह तेथें ठेविल्या.

अशी कृति तयार करणें म्हणजे डोळ्यांसाठीं काढलेल्या चित्राला नुसता उठाव देणें नव्हे. डोळा सारें चित्र एका क्षणांत घेतो व मग तपशिलाकडे वळतो. हाताचा मार्ग उलटा. बोटाला प्रथम एक रेघ लागते, मग कोपरा, मग वळण, आणि त्यांची जुळणी मनांत होते. म्हणून चित्रांतील बारीक गर्दी कमी करावी लागते. दूरची वस्तु लहान काढण्याचा संकेत बोटाला कळत नाहीं, तो शब्दांनीं समजावावा लागतो. एकीआड एक आलेल्या आकृति वेगवेगळ्या उंचीवर बसवाव्या लागतात. रंगाचें काम पोताकडे येतें: पाणी गुळगुळीत, वस्त्र विणीचें, झाडाची साल खरखरीत. याशिवाय ऊन आणि गार, जड आणि हलकें, पोकळ आणि भरीव हा तर हाताचा स्वतःचा मुलूख. संगमरवरासारखें रंगविलेलें लांकूड डोळ्याला फसवील, हाताला फसविणार नाहीं. आमच्या भगिनींना हें निराळें सांगावयास नको. तांदूळ जुना कीं नवा हें त्या चिमटींत धरून ओळखतात. पुरण झालें कीं नाहीं हें बोटांना कळतें. लुगड्याचा पदर दोन बोटांत चोळल्याशिवाय खरेदी होत नाहीं. हें ज्ञान आपण स्वयंपाकघरांत खरें मानतों. कलेच्या दालनांत मात्र त्याला दाराबाहेर ठेवतों.

आस्वाद घेणाऱ्याची जी गोष्ट, तीच निर्मात्याचीहि. शांतिनिकेतनचे थोर चित्रकार बिनोदबिहारी मुखर्जी (१९०४–१९८०) यांची दृष्टि लहानपणापासूनच अधू होती. पन्नाशी उलटल्यावर एका शस्त्रक्रियेनंतर ती पूर्णपणें गेली. त्यांनीं कला सोडली नाहीं. त्यांनीं लहान लहान मूर्ति घडविल्या, रंगीत कागद कापून चिकटवून चित्रें केलीं, आणि १९७२ सालीं कलाभवनाच्या भिंतीवर फरश्यांचें भलें मोठें चित्र उभारलें. त्यांचे शिष्य सत्यजित राय यांनीं त्याच वर्षीं त्यांच्यावर 'द इनर आय' हा माहितीपट काढला. मुंबईंत पार्थो भौमिक यांनीं २००६ सालीं अंधांच्या हातीं कॅमेरा देण्याचा उपक्रम सुरू केला. कानानें अंतर अजमावून, उन्हाची ऊब गालावर घेऊन काढलेलीं तीं छायाचित्रें पुढें उठावाच्या रूपांतहि प्रदर्शनांत मांडलीं गेलीं. आणि आपल्या मराठींत स्वागत थोरात यांनीं २००८ सालीं ब्रेल लिपींतील पाक्षिक काढलें, त्याचें नांवच 'स्पर्शज्ञान' असें ठेविलें.

आतां आपल्या दारचें पाहूं. वसई १५३४ सालीं गुजराथच्या सुलतानाकडून पोर्तुगीजांकडे गेली आणि मे १७३९ मध्यें चिमाजी अप्पांनीं ती जिंकून घेतली, हा इतिहास घरोघरीं ठाऊक आहे. परंतु किल्ल्यांतील पडक्या चर्चच्या भिंतीवर तळहात टेंकून कोणी उभें राहिलें आहे काय? तटाचा काळवथरी दगड आणि कमानीला, चौकटीला वापरलेला फिकट घडीव दगड यांतील फरक तळव्याला तत्काळ कळतो. समुद्राकडून येणारा खारा वारा, छत गेलेल्या मंदिरांत बोललेला शब्द आणि बाहेर मोकळ्यावर बोललेला शब्द यांच्या नादांतील अंतर, पायांखालची थडग्यांची फरसबंदी, हेंहि त्या वास्तूचेंच रूप आहे. आणि डोळस पाहुणे घाईघाईनें छायाचित्रें काढतांना नेमकें तेंच गमावतात.

त्या मोहिमेनंतर वसईच्या चर्चमधील घंटा मराठ्यांनीं देवळांना वाहिल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळावरील घंटेवर १७२१ हें साल आणि पोर्तुगीज अक्षरें ओतलेलीं आहेत. वाईजवळ मेणवलीच्या घाटावर १७०७ सालची घंटा आहे. तिच्यावर बाळ येशूस घेतलेल्या मरीयेची उठावाची आकृति आहे. घंटा ही खरोखर अनेक इंद्रियांची कलाकृति होय. अंगावरील अक्षरें बोटांनीं वाचतां येतात, नाद कानानें ऐकूं येतो, आणि कानाला तो ऐकूं येईनासा झाल्यावरहि धातूची थरथर तळव्याला क्षणभर जाणवत राहते.

नालासोपाऱ्याची गोष्टहि अशीच. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं १८८२ सालीं तेथील स्तूप उकरला. अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक तुकडा त्याच सालीं सोपाऱ्यास सांपडला. तो आज मुंबईच्या छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयांत आहे. अशा लेखांचा ठसा घेण्याची रीत जाणण्यासारखी आहे. दगड स्वच्छ करून त्यावर ओला कागद पसरतात, तो ब्रशानें ठोकून अक्षरांच्या खोबणींत बसवितात, आणि वरून शाईची गादी फिरवितात. शाई ही डोळ्यांसाठीं. पण कागद वाळवून उलटा केला, तर दगडांत खोल असलेलीं अक्षरें त्यावर उंच उमटलेलीं असतात; म्हणजे विद्वानांच्या कामासाठीं केलेला ठसा हा आयताच स्पर्शलेख होतो. अस्सल शिलेवर असा प्रयोग तज्ज्ञांनींच करावयाचा. पण त्याची प्रतिकृति प्रत्येक संग्रहालयाला सहज ठेवतां येण्यासारखी आहे.

येथें कोणी रास्त आक्षेप घेईल, कीं सर्वांनीं सर्व वस्तूंना हात लावला तर वस्तु उरतील काय? उरणार नाहींत. पंढरपुरास वारकरी विठ्ठलाच्या पायांवर प्रत्यक्ष हात आणि मस्तक ठेवतो. पदस्पर्शदर्शन आणि मुखदर्शन हा भेद तेथें आहेच. शतकानुशतकांच्या त्या स्पर्शानें मूर्तीची झीज झाली आणि वेळोवेळीं वज्रलेप करावा लागला. आपल्या पालघर जिल्ह्यांतील वारली चित्रें तर शेणामातीनें सारविलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठानें काढलेलीं. बोट फिरविलें तर चित्रच पुसेल. म्हणून नाजूक मूळ वस्तु जपावी आणि हातांसाठीं उत्तम प्रतिकृति करावी, हाच मार्ग योग्य होय. मात्र प्रतिकृति नाहीं तोंवर नुसती पाटी, हा न्याय नव्हे. पंढरीच्या मूर्तीपर्यंत पोंचण्याचा हक्क सर्वांना मिळावा म्हणून सानेगुरुजींना मे १९४७ मध्यें दहा दिवस उपोषण करावें लागलें, हें आपल्यासारख्या घरांनीं विसरूं नये. कोणी काय शिवावें हें ठरविण्याचा अधिकार आपण फार काळ आपल्याकडे ठेविला होता. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमानें कला दिव्यांगांना सुलभ करून देणें हें शासनाचें काम म्हणून सांगितलें आहे. कायदा संग्रहालयापर्यंत पोंचेल. घराच्या उंबऱ्याच्या आंत काम आपलें आहे.

तें काम कठीण नाहीं. घरांतील मुलांनीं एका पाटावर शाडूची माती घेऊन वसईच्या किल्ल्याचा नमुना करावा. तट सुतळीचा, बुरूज चिंचोक्यांचे, तीन बाजूंच्या पाण्याला तेलाचा हात फिरविलेला गुळगुळीत कागद, आणि जमिनीकडील बाजू रेतीची. मग आजोबांचे दोन्ही हात धरून प्रथम सबंध तटावरून एक फेरी न्यावी आणि नंतर एकेक बुरूज दाखवावा. घाई करूं नये, आणि बोटें थांबलीं असतां मध्यें बोलूं नये. त्यांचीं बोटें रेतीकडच्या बाजूला येतील, तेव्हां मराठ्यांनीं मोर्चे कोणत्या बाजूनें लावले हें बहुधा तेच मुलांना सांगूं लागतील. त्यानंतर त्यांना प्रत्यक्ष किल्ल्यांत न्यावें. संग्रहालयांत जावयाचें असेल तर आधीं पत्र लिहून हाताळण्याजोग्या प्रतिकृति आहेत काय, तें विचारावें. नसतील तर त्या ठेवाव्या अशी विनंति करावी. अशीं दहा घरांचीं पत्रें गेलीं तर अधिकाऱ्यांना त्यांचा विचार करावा लागेल. जन्मतः अंध मुलाला मात्र सावली, क्षितिज, दूरचा डोंगर यांची आठवण नसते. त्याला शब्दांचा आधार अधिक द्यावा, आणि त्याच्या हातानें माती मळून त्याचें स्वतःचें कांहीं घडूं द्यावें.

आणि घरीं परतल्यावर वडिलांच्या सोबतीस गेलेल्या मुलांना "काय काय पाहिलें?" असें जसें आपण विचारतों, तसें वडिलांनाहि विचारावें, "हाताला काय काय लागलें?" उत्तर मिळेल तें लक्ष देऊन ऐकावें. आपल्या डोळ्यांतून निसटलेला हत्तीचा बराचसा भाग त्यांत असेल.