जनुकीय उपचार : व्याख्येच्या पुढचं शिकवूया



दहावीच्या विज्ञानात जैवतंत्रज्ञान शिकवताना जनुकीय उपचाराचा मुद्दा येतो. आपण काय करतो? व्याख्या फळ्यावर लिहितो, मुलं ती उतरवून घेतात आणि आपण पुढच्या मुद्द्याकडे वळतो. मीही कितीतरी वर्षं असंच शिकवलं. मग एका तासाला मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, "सर, माझ्या काकांना पोटाचा कॅन्सर आहे. मोबाईलवर आलंय, मुंबईत जीन बदलून कॅन्सर बरा करतात. आजी म्हणतीया रान विकू, पण नेऊ. खरं हाय का ते?"

व्याख्या मला पाठ होती, पण त्याच्या प्रश्नाचं उत्तर मला देता आलं नाही. "उद्या सांगतो" म्हटलं आणि घरी येऊन वाचायला बसलो.

मिरज हे दवाखान्यांचं गाव. सांगली-कोल्हापूरचेच काय, कर्नाटकातलेही पेशंट इथं येतात. आणि इथून पुढं जायचं झालं की रात्री महालक्ष्मी एक्सप्रेसने मुंबई, सकाळी टाटा हॉस्पिटल, हा रस्ता आपल्याकडच्या अनेक घरांना माहीत आहे. म्हणून हा प्रश्न त्या एका मुलाचा नाही, तो आपल्या प्रत्येक वर्गात बसलेला आहे.

त्या मेसेजमागची खरी गोष्ट अशी. आयआयटी मुंबईतले प्राध्यापक राहुल पुरवार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांबरोबर 'नेक्सकार१९' नावाचा उपचार तयार केला. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याला मंजुरी मिळाली. ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते आयआयटीत तो देशाला अर्पण झाला.

तो चालतो कसा, हे मुलांना सहज कळतं. आपल्या रक्तात टी-पेशी असतात. त्या शरीराच्या पहारेकरी. पण कॅन्सरची पेशी आपल्याच शरीरातली असल्यामुळे पहारेकरी अनेकदा तिला ओळखत नाही. म्हणून रुग्णाच्या रक्तातून टी-पेशी वेगळ्या काढतात. निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या पाठीवर एक नवं जनुक देऊन ते प्रयोगशाळेत त्या पेशींमध्ये पोचवतात. त्या जनुकामुळे पेशीवर एक नवा 'हात' उगवतो. हा हात सीडी१९ ही खूण असलेली पेशी बरोबर पकडतो. अशा पेशींची संख्या वाढवून त्या सलाईनसारख्या परत रुग्णाच्या शिरेत सोडतात. औषध बाहेरून आलेलं नाही, रुग्णाच्याच पेशी शिकवून परत पाठवल्या आहेत. शिक्षकाला हे समजायला अवघड नाही!

पण आपण इथंच थांबलो, तर आपणही त्या मोबाईलच्या मेसेजसारखंच अर्धं सांगितलं असं होईल. उरलेलं अर्धं जास्त महत्त्वाचं आहे.

सीडी१९ ही खूण असते ती बी-पेशींवर. म्हणून हा उपचार बी-पेशींच्या रक्ताच्या आणि लसिकाग्रंथींच्या काही कॅन्सरवरच चालतो, तोही नेहमीच्या उपचारांना दाद न दिलेल्या किंवा आजार उलटलेल्या रुग्णांसाठी. पोटाच्या कॅन्सरवर तो नाही. चाचण्यांमध्ये १०० पैकी सुमारे ७३ रुग्णांनी प्रतिसाद दिला, आणि प्रतिसाद म्हणजे कायमचं बरं होणं नव्हे. अमेरिकेत अशा उपचाराला काही कोटी रुपये लागतात. इथं सुरुवातीला ३० ते ४० लाख सांगितले गेले. जगाच्या मानानं हे स्वस्त खरं, पण आपल्या शेतकऱ्याला विचारा ३० लाख म्हणजे किती गुंठे रान!

मुलं आणखी एक प्रश्न हमखास विचारतात, "जीन बदलल्यावर ते त्यांच्या मुलाबाळांत जाणार का?" नाही. बदल फक्त त्या टी-पेशींमध्ये होतो, बीजपेशींमध्ये नाही. पुढच्या पिढीत काहीच जात नाही. हे स्पष्ट सांगायलाच हवं, नाहीतर उद्या त्या घरातल्या पोरीच्या सोयरिकीत कुणीतरी हाच मुद्दा काढेल.

काहीजण म्हणतील, एवढं सांगायला वेळ कुठाय, अभ्यासक्रम पुरा व्हायचाय. मला हे पटत नाही. व्याख्या परीक्षेनंतर विसरली जाते. पण आजाराची बातमी पारखायची कशी, हे जन्मभर लागतं. मी आता वर्गात चार प्रश्न लिहून देतो. कोणत्या आजारावर? कोणत्या रुग्णाला? किती जणांना गुण आला? खर्च किती? कुठलीही 'चमत्कारी उपचारा'ची बातमी आणा आणि या चार प्रश्नांतून गाळून घ्या. पंधरा मिनिटांचं काम आहे. पालकहो, हे तुम्ही घरी जेवताना बसूनसुद्धा करू शकता.

आणि संशोधकांचं कौतुक यामुळे कमी होत नाही, उलट वाढतं. वर्षानुवर्षं खपून एका खुणेवर नेम धरणारी पेशी तयार करणं म्हणजे काय, हे ज्याला मर्यादा कळली त्यालाच कळतं. आपल्या वर्गातलं एखादं पोर उद्या पोटाच्या कॅन्सरची खूण शोधायला बसेल. पण त्याला आज ती गोष्ट पुरी ऐकायला मिळाली पाहिजे.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. "हा उपचार काकांच्या आजारावर नाही" हे सांगताना जड गेलं. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "म्हणजे रान इकायला नको. डॉक्टर सांगतील तेच करायचं." मी मान हलवली.

त्या घराला त्या दिवशी विज्ञानानं काका बरे करून दिले नाहीत. पण रान वाचलं, आणि उपचार योग्य जागी सुरू राहिले. आपल्या तासाकडून एवढं झालं तरी पुष्कळ आहे. बघा, पटतंय का.