आग लागण्यापूर्वी

आग लागल्यावर विहीर खणावयास निघणाऱ्या माणसास आपण हसतो. परंतु संकट दाराशी येईपर्यंत स्वस्थ बसण्याची सवय आपणांपैकी किती जणांस सुटली आहे?

अठराव्या शतकात अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरी बेंजामिन फ्रँकलिन या मुद्रकाने हे ओळखले होते. १७३५ मध्ये त्यांनी आपल्या वर्तमानपत्रातून नगरवासीयांस सावध केले : निखारे उघड्या फावड्यावरून एका खोलीतून दुसरीत नेऊ नका, धुराडी वेळच्या वेळी साफ करवून घ्या. केवळ उपदेश करून ते थांबले नाहीत. ७ डिसेंबर १७३६ रोजी त्यांनी सहकाऱ्यांसह ‘युनियन फायर कंपनी’ हे स्वयंसेवकांचे मंडळ स्थापन केले. सभासद तीसच घ्यावयाचे, असे ठरले. प्रत्येकाने पाण्यासाठी चामड्याच्या बादल्या आणि जळत्या घरातील सामान वाचविण्यासाठी मजबूत पिशव्या सदैव सज्ज ठेवावयाच्या. महिन्यातून एकदा एकत्र जमून विचारविनिमय करावयाचा. जो गैरहजर राही, त्यास दंड होई. त्या पैशांतून बंब, शिड्या व आकडे घेतले जात. जागा भरल्यावर येणाऱ्यांस निराळे मंडळ काढण्याचा सल्ला मिळे. अशा रीतीने शहरात अनेक मंडळे उभी राहिली.

या स्वयंसेवकांचे धाडस सर्वांच्या डोळ्यांत भरते. मला मात्र त्यांचे खरे मोठेपण त्या मासिक सभेत आणि त्या लहानशा दंडात दिसते. धाडस प्रसंगी कोणासही सुचेल. पण कोठेही आग नसताना बादली जागेवर आहे की नाही हे पाहावयास शिस्त लागते.

ही शिस्त अहंकाराने बिघडते, हेही त्याच शहराने पाहिले. एकोणिसाव्या शतकात तेथील मंडळांत चुरस वाढली आणि आगीच्या ठिकाणीच मारामाऱ्या होऊ लागल्या. शेजाऱ्याच्या घराहून मंडळाचे नाव मोठे झाले होते. अखेर १८७१ मध्ये शहरात पगारी अग्निशामक दल आले.

आज आपल्या शहरांतही अशी दले आहेत. तथापि बंब येईपर्यंतचा वेळ शेजाऱ्यांच्याच हाती असतो. जिन्यातील अडगळ दूर करणे, बाहेर पडण्याची वाट मोकळी ठेवणे, ही कामे दलाच्या माथी मारून चालणार नाहीत. विद्यार्थिमित्रांनो, आपल्या शाळेचा जिना आजच एकदा पाहून या.