रायगडात नवी विद्यापीठं येतील, पण कॅम्पस आखताना गावाला कोण विचारणार?

जून २०२५ मध्ये पाच परदेशी विद्यापीठांना मुंबई-नवी मुंबई परिसरात कॅम्पस सुरू करण्यासाठी इरादापत्रं मिळाली. नवी मुंबई विमानतळाजवळ सिडकोची ‘एज्युसिटी’ प्रस्तावित आहे. कर्जत तालुक्यात विजयभूमी हे खासगी विद्यापीठ आहे, तर खालापूर तालुक्यात रसायनीला पिल्लई संस्थेचं शैक्षणिक संकुल. उद्या रसायनीची बाजारपेठ असलेल्या मोहोपाड्याच्या आसपास नवं कॅम्पस आखलं गेलं, तर गावकऱ्यांचं म्हणणं कुठे आणि कधी ऐकलं जाईल?

कायदा काय सांगतो?

सरकार जमीन संपादित करत असेल, तर २०१३च्या भूसंपादन कायद्यानुसार साधारणपणे सामाजिक परिणामांचा अभ्यास आणि जनसुनावणी होते. खासगी कंपनीसाठी संपादन असेल, तर ८० टक्के बाधित कुटुंबांची संमती लागते. पण संस्थेने शेतकऱ्यांकडून थेट जमीन विकत घेतली, तर ही सुनावणी होत नाही.

दुसरा टप्पा पर्यावरण मंजुरीचा. २० हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या बांधकामाला ती लागते. शैक्षणिक इमारतींना यातून दिलेली सूट सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये रद्द केली. पण २००६च्या अधिसूचनेनुसार बांधकाम प्रकल्पांसाठी जनसुनावणीची अट सहसा नसते. ठाकर आणि कातकरी वाड्या असूनही रायगड जिल्हा अनुसूचित क्षेत्रात नाही. त्यामुळे इथल्या ग्रामसभांना ‘पेसा’चे अधिकार नाहीत.

थोडक्यात, अनेकदा गावाचं ऐकणं संस्थेच्या मर्जीवर राहतं.

मग तत्त्वं कोणती असावीत?

पहिलं, आराखड्याआधी चर्चा. नकाशा तयार झाल्यावर घेतलेल्या बैठकीत फार तर गेटचा रंग बदलता येतो. बैठकीची वेळही महत्त्वाची. पावसाळा संपल्यावर अनेक कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात. जानेवारीत ग्रामसभा घेतली, तर त्यांचं म्हणणं नोंदवलंच जाणार नाही. सातबाऱ्यावर नाव असलेल्यांइतकंच भूमिहीनांनाही विचारायला हवं.

दुसरं, पाणी आणि उतार. खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३च्या रात्री दरड कोसळली. डोंगरपायथ्याशी बांधताना कुठला ओढा कुठे फुटतो, हे स्थानिकांना ठाऊक असतं. वसतिगृहांना पाणी कुठून येणार आणि उन्हाळ्यात गावच्या विहिरीचं काय होणार, याचा हिशेब आधी मांडायला हवा.

तिसरं, वहिवाट. कुंपण घातलं की गुरांची वाट, स्मशानाकडे जाणारा रस्ता आणि शाळेची पायवाट तुटते. या वाटा नकाशावर आधी काढाव्यात, इमारती नंतर.

तोंडी आश्वासन का पुरत नाही?

याचं उत्तर रसायनीतच आहे. हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स ही सरकारी कंपनी १९६० मध्ये स्थापन झाली आणि तिच्या रसायनीच्या कारखान्याभोवती परिसराचं अर्थकारण उभं राहिलं. मे २०१७ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने इथले तोट्यातले प्रकल्प बंद करण्याचा आणि ४४२ एकर जमीन भारत पेट्रोलियमला विकण्याचा निर्णय घेतला. म्हणजे जमिनीचा मालकही बदलतो आणि वापरही. ‘नोकऱ्या देऊ’ असं आज सांगणारे अधिकारी उद्या तिथे नसतात.

म्हणून चौथं तत्त्व सगळ्यात महत्त्वाचं: जे ठरेल ते लेखी हवं आणि पुढच्या मालकावरही बंधनकारक हवं. न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठाने कॅम्पस वाढवताना २००९ मध्ये स्थानिक प्रतिनिधींच्या संस्थेशी १५ कोटी डॉलरचा करार केला. इथल्या करारात स्थानिकांच्या नोकऱ्या, मुलांसाठी जागा आणि शुल्कसवलत, दवाखाना, वाचनालयाचा वापर अशा गोष्टी असू शकतात. दरवर्षी ग्रामसभेपुढे त्याचा हिशेब मांडला जावा.

उशिरा ऐकण्याची किंमत रायगडने मोजली आहे. नवी मुंबईसाठी गेलेल्या जमिनींच्या मोबदल्यावरून जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात आंदोलन झालं. त्यात गोळीबारात पाच जणांचा जीव गेला. साडेबारा टक्के विकसित भूखंडांची योजना आली ती त्यानंतर.

विद्यापीठ आलं तर मोहोपाड्याच्या मुलांना शिकायला लांब जावं लागणार नाही, हे खरं. पण त्या वर्गात ती बसतील की गेटवर पहारा देतील, हे पहिली वीट रचण्याआधीच ठरतं.